पडणारे अणू आणि पोटरीतलं भात

मेहनाजचं यंत्र आमच्या गावात आलं ते तिच्या भावाच्या टेंपोतून, गाद्यांमध्ये गुंडाळून. भावाचं नाव आदिल. खालापूरच्या स्टँडजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, टेंपो त्या दुकानाचा. पुण्याहून येताना घाटात त्यानं गाडी इतकी सावकाश चालवली होती, की मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून त्याचे कान किटवले होते.

"बाई, लग्न करून बायकोला आणलं तेव्हासुद्धा मी इतका हळू आलो नव्हतो," तो उतरता उतरता मला म्हणाला.

"आता उतरवताना पण नीट धर," मेहनाज मागून ओरडली. "आतला आरसा हलला तर तुला हलवीन."

मेहनाज माझी विद्यार्थिनी. खालापूरच्या हायस्कुलात मी तिला विज्ञान शिकवलं. पुढे ती पुण्याला गेली आणि तिथल्या एका संशोधन संस्थेत अणूंवर काम करू लागली. निवृत्त झाल्यावर मी कर्जतच्या पुढे या गावी राहायला आले, तरी फोनवर आमचं बोलणं चालूच असायचं. थंडी सरता सरता एकदा तिनं विचारलं, "बाई, तुमच्या गावात न हलणारी एखादी खोली आहे का?"

"हलणारी खोली मी अजून पाहिली नाही," मी म्हटलं.

"सगळ्याच हलतात, बाई. माझ्या यंत्राला विचारा."

आमच्या गावाची जुनी शाळा दगडी आहे. एकच खोली, पण ती कातळावर उभी आहे. नवी शाळा रस्त्याकडेला झाल्यापासून ती रिकामीच असते. तिच्या तीन बाजूंना नामाचं भाताचं शेत आणि चौथ्या बाजूला पायवाट. एक्स्प्रेस वेचे ट्रक डोंगराच्या पलीकडे, ठाकुरवाडीकडे चढणाऱ्या रेल्वेगाड्यांची धडधड त्याहून लांब. मेहनाज येऊन खोली बघून गेली. बघितली म्हणजे काय, जमिनीवर तळहात टेकून डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "हीच."

यंत्र म्हणजे माझ्या खांद्याएवढा एक उभा स्टीलचा खांब, त्याच्याभोवती आरसे आणि वायरी, आणि शेजारी लेझरचं एक कपाट. खांबाच्या पोटात एक नळी, तिच्यातली हवा पंपानं ओढून काढलेली. त्या नळीत रुबिडियम नावाच्या धातूचे अणू लेझरच्या उजेडानं सगळीकडून दाबून धरतात, जवळजवळ निश्चल करतात आणि मग सोडून देतात. ते खाली पडतात. किती जोरात पडतात हे मोजलं, की त्या जागी पृथ्वीची ओढ किती ते कळतं. ही ओढ सगळीकडे अगदी सारखी नसते. पायाखाली पोकळी असली तर केसभर कमी, पाणी किंवा जड दगड असला तर केसभर जास्त. असं यंत्र उघड्यावर चाललं तर डोंगराच्या पोटातल्या पोकळ्या शोधता येतील, जमिनीतलं पाणी शोधता येईल.

पण ते उघड्यावर चालतं का, हेच अजून दाखवायचं होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत ते उत्तम चालत होतं. मेहनाजच्या सरांनी तिला अट घातली होती. यंत्र बाहेर एका जागी आठवडाभर ठेव. चंद्रसूर्याची ओढ वजा केल्यावर रोज एकच आकडा आला, तर पुढचं काम चालू. नाही आला, तर यंत्र मोकळं करायचं. लेझर एका गटाला, पंप दुसऱ्याला.

"सरांचं चुकत नाही, बाई," ती म्हणाली. "लेझर थोडे आणि मागणारे फार." पण हे बोलताना तिचा हात त्या स्टीलच्या खांबावर होता, आणि तिनं तो काढला नाही. त्या यंत्रातला एकेक स्क्रू तिनं स्वतः बसवला होता.

समाजमंदिराच्या ओट्यावर तिनं गावाला सगळं समजावून सांगितलं. रविवारी आदिलचा टेंपो यंत्र न्यायला येईल, तोवर शाळेजवळ पंप नको, मोटारसायकल नको, कांडण नको. कांडणाचं नाव निघताच नामाची बायको अंबूबाई उसळली. मिरच्यांचे दिवस होते, वाळवण अंगणात पडलेलं.

"मंग मसाला कधी करू? पावसात?"

"एकच आठवडा, काकी."

"यंत्राचा आठवडा आन् मिरच्यांचा आठवडा एकच आला का गं? बरा मुहूर्त काढलास!"

सगळे हसले. मग नामानं विचारलं, "पोरी, पान्याचा खळखळाट चालंल का?"

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एक पाट आहे. घाटाच्या पायथ्याच्या वीजघरात वीज करून मोकळं झालेलं पाणी कालव्यानं आमच्याकडे येतं, म्हणून इथं उन्हाळ्यातही भात होतं. कालव्यातून पाटात, आणि पाटाच्या दगडी उंबऱ्यावरून खळखळत नामाच्या शेतात. नामानं विचारलं ते त्याबद्दल. पण त्याच वेळी कुणीतरी मिक्सर चालेल का म्हणून विचारत होतं, मेहनाजचा फोन वाजत होता. ती म्हणाली, "काका, जितकं शांत तितकं चांगलं," आणि मिक्सरवाल्याकडे वळली. नामानं मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून शांतता पाळायची होती, म्हणून त्या दुपारी अंबूबाई आणि शेजारची भागूबाई उरकतील तेवढ्या मिरच्या घाईनं कांडत होत्या. एक उखळ, दोन मुसळं. मी पोरांना अंगणात बोलावलं. नामाची नातवंडं हर्षला आणि स्वराज पुढे बसली, बाकीची मागे, शिंका देत.

"सांगा, दोघींची मुसळं एकसारखी चालतायत का?" मी विचारलं.

"नाय," स्वराज म्हणाला. "एक वर आसतं तवा दुसरं खाली."

"मग ताल आहे की नाही?"

"ताल तर हाय."

"एकसारखी नाहीत, तरी ताल आहे. तो कशात आहे?"

घाईनं उत्तर देणारी पोरं चुळबुळ करू लागली. हर्षला मात्र मुसळांकडे बघत राहिली. मला अशा वेळी थांबायला आवडतं. ती म्हणाली, "एकीच्या मागून दुसरी किती वेळानं, ते ठरलेलं हाय. ते चुकत नाय."

"बस. याला सुसंगती म्हणतात. दोघींनी सारखंच वागायला हवं असं नाही. दोघींमधलं नातं टिकायला हवं. आता स्वराज, भागूबाईला विचार, तुझं मुसळ आत्ता नेमकं कुठं आहे?"

स्वराजनं खणखणीत आवाजात विचारलं. भागूबाईनं मुसळाकडे बघितलं आणि खट्‌कन दोन्ही मुसळं एकमेकांवर आदळली.

"मेल्या! बोट गेलं असतं माझं! बाई, तुमी पोरांना हेच शिकवता काय?"

मी तिची माफी मागितली आणि पोरांना म्हटलं, "बघितलंत? नुसतं विचारलं तरी ताल मोडला. मेहनाजच्या अणूचं असंच आहे. पडताना लेझरचा एक ठोका त्याला दोन वाटांवर घालतो. दोन्ही वाटांमधला ताल टिकला, तर खाली तो पुन्हा जुळतो आणि मोजता येतो. मधे कुणी त्याला विचारलं, 'बाबा रे, तू कुठल्या वाटेनं चाललास?' तर मोडतो."

स्वराज गप्प बसणारा नव्हता. "बाई, हितं बाया दोन हायत. अणू एकच. एकटा दोन वाटांनी कसा जाईल?"

"इथं माझं उखळ संपलं," मी म्हटलं. "कुठलाही दाखला थोडं अंतर बरोबर येतो आणि मग वाटेत सोडून जातो. पुढचं मेहनाजला विचारा."

मेहनाज पायरीवर चहा पीत बसली होती. ती म्हणाली, "मलाही ते डोळ्यांपुढे आणता येत नाही रे. पण तो एकाच वाटेनं गेला असता, तर माझ्या पडद्यावर लाट उमटलीच नसती. लाट उमटते. म्हणून मानावं लागतं."

"आन् विचारनारं कोन आसतं आत?"

"हवेचा एखादा चुकार कण धडकला तरी अणूला विचारल्यासारखंच होतं. म्हणून नळीत हवा ठेवत नाही. आणि एकट्या अणूवरून फारसं कळत नाही. लाखो अणू एका ठोक्यावर सोडायचे, सगळ्यांनी ताल धरायचा, तेव्हा कुठं लाट दिसते."

मग तिनं पोरांना शाळेत नेऊन यंत्राचा पडदा दाखवला. बारीक ठिपक्यांची एक रेघ, चढणारी, उतरणारी. लाट उठावदार असली की ताल टिकला. लाट बसकी झाली की मोडला. आणि लाटेचा माथा कुठं आला, त्यावरून ओढीचा आकडा.

पहिल्या दिवशी सगळं छान झालं. लाट अशी उठावदार, की मेहनाजनं तिचा फोटो काढून आईला पाठवला. आईनं उलट विचारलं, जेवलीस का.

दुसऱ्या दिवशी आकडा किंचित उतरला. तिसऱ्या दिवशी आणखी. उतार इतका बारीक, की मला कागदावर दाखवल्याशिवाय कळलाच नसता. पण यंत्राची खात्री ज्या मापाची हवी होती, त्याच्यापुढे तो मोठा होता. मेहनाजनं लेझर तपासले, खांब ओळंब्यात आहे का बघितलं, पंप बघितला, वायरी काढून परत लावल्या. मी डबा नेऊन द्यायची आणि तो तसाच परत आणायची.

"माझे अणू खोटं बोलतायत," ती एका दुपारी म्हणाली. शाळेच्या पायरीवर आम्ही बसलो होतो.

"लाट बसकी झाली का?"

"नाही. तेच तर कळत नाही. लाट पहिल्या दिवसाइतकीच उठावदार आहे. फक्त सरकते."

मी आयुष्यभर वर्गात उत्तरं ऐकली आहेत. गोंधळलेलं पोर आज एक सांगतं, उद्या दुसरं, आणि सांगताना चाचरतं. पण काही वेळा एखादं पोर ठामपणे, स्पष्ट आवाजात वेगळंच उत्तर देतं. तेव्हा मी आधी फळ्याकडे वळून बघायची, प्रश्न बदलला तर नाही ना.

"मग ते गोंधळलेले नाहीत," मी म्हटलं. "त्यांचा ताल शाबूत आहे. ते स्वच्छ काहीतरी सांगतायत. काय ते आपल्याला समजत नाही."

"बाई, कातळ आठवड्यात बदलत नाही."

असं म्हणून ती पुन्हा आत गेली.

मग आकड्याचा उतार आपोआप मंदावला. गुरुवारपासून रेघ सपाट होऊ लागली. मेहनाजच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. तिनं सरांना कळवलं, की नव्या जागेला रुळायला यंत्राला काही दिवस लागले असावेत. सर म्हणाले, ठीक आहे, रविवारपर्यंत रेघ अशीच सपाट राहिली तरी मला चालेल. त्या दिवशी तिनं डबा पुसून खाल्ला आणि वर माझ्या वाटणीची भाकरी मागितली.

शुक्रवारी सकाळी आम्ही पायरीवर होतो, तेवढ्यात बांधावरून अंबूबाईचा आवाज आला. नामाची न्याहारी घेऊन ती आली होती.

"भात पोटरीत आलंय आन् तू पाट बुजवून बसलायस! ते यंत्र दानं घालनार हाय काय तुला?"

"हळू बोल गं. आत मोजनी चाललीय."

"मोजू दे! माजा आवाज बी मोजू दे! येक आठवडा मिरच्या मेल्या, आता भात बी मारा!"

मेहनाज उठली. मी तिच्या मागोमाग गेले. पाटाच्या दगडी उंबऱ्यावर चिखल आणि दगड रचून नामानं तोंड पक्कं बुजवलं होतं. मला वाटलं होतं, वीजघरातूनच पाणी कमी सुटलं असेल. तसं अधूनमधून होतं, म्हणून खळखळ थांबल्याचं मला विशेष वाटलं नव्हतं. आता शेताकडे नीट बघितलं. घोट्याएवढं पाणी होतं तिथं चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि पातींची टोकं सुरळीसारखी वळली होती.

"काका, हे कधी बुजवलंत?"

"तू बोललीस त्याच सांजला. शांत पायजे म्हनालीस ना?" नामाला तिचा चेहरा बघून काळजी वाटली. "का गं? अजून आवाज येतो काय कुठून?"

 मेहनाज शाळेच्या जोत्याकडे बघत होती, मग शेताकडे, मग परत जोत्याकडे. खोली कातळावर, शेतापेक्षा उंच. पाणी होतं ते अणूंच्या खाली, तिन्ही बाजूंना पसरलेलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हे पाणी खाली ओढत होतं. ते रोज थोडं थोडं आटत, झिरपून निघून गेलं, आणि ओढ रोज थोडी थोडी कमी झाली."

"आणि आता रेघ सपाट झाली ती?"

"यंत्र रुळलं म्हणून नाही. जाण्यासारखं पाणी उरलं नाही म्हणून."

नामानं फावड्यावर हात टेकले. "म्हंजी माज्या शेतातलं पानी त्या नळीतल्या कनांना कळलं?"

"कळलं, काका. पहिल्या दिवसापासून कळत होतं. आम्हालाच कळलं नाही."

"मंग त्यांना हे बी कळलं आसंल, की ही बया मला रोज शिव्या घालते."

अंबूबाई हसली नाही. तिनं विचारलं, "मंग आता पोरीचं काय? पास का नापास?"

पोरांच्या परीक्षेत मुरलेल्या बाईनं विचारावा तसाच तो प्रश्न होता, आणि मेहनाजनं सरळ उत्तर दिलं. पाट रविवारपर्यंत असाच बंद राहिला, तर रेघ सपाट राहील, सर पास करतील. पाट उघडला तर आकडा पुन्हा चढेल, रेघ वाकडी होईल. शिवाय पाण्याच्या खळखळीनं लाट टिकेल की नाही, तेही सांगता येत नाही.

 मग नामा म्हणाला, "ऱ्हाऊ दे बंद. रविवार काय, आलाच."

"ऱ्हाऊ दे," अंबूबाई म्हणाली. आत्तापर्यंत ओरडत होती तीच. "तुजी येवढी वर्सं गेली त्यात. आमचं काय, येक तुकडा जाईल. बाकीचं शेत हाय की."

माझ्या मनात काय होतं ते सांगते. मलाही वाटलं, राहू दे. मी या मुलीला खडूनं हात माखेपर्यंत गणितं सोडवताना बघितलं आहे. दोन दिवसांनी ती जिंकणार होती. मी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर हेच बोलले असते.

मेहनाज वाकली आणि एक पात हातात घेतली. पोटरी म्हणजे लोंबी अजून पानाच्या पोटात असते, तिथं हाताला फुगीर लागतं. तिनं ते चाचपलं. "काका, आज पाणी दिलं नाही तर यात दाणा भरेल का?"

नामा पाटाकडे बघू लागला.

"काका, खरं सांगा."

"लोंबी येईल," तो म्हणाला. "पोकळ येईल."

"मग उघडा."

"पोरी..."

"उघडा, काका. सपाट रेघ घेऊन मी सरांपुढे गेले, तर ते विचारतील, यंत्र स्थिर आहे का. मी हो म्हणायचं? मला आता माहीत आहे ती सपाट का आहे ते."  ती फावडं घ्यायला पुढे झाली, पण नामानं ते तिच्या हातात दिलं नाही. त्यानंच पहिला दगड काढला.

पाणी आलं. आधी काळं, पाचोळा घेऊन, मग स्वच्छ. भेगांत शिरताना ते बुडबुडे काढत होतं. मेहनाज मात्र बघत थांबली नाही, ती धावत खोलीत गेली. आम्ही सगळे मागून. तोवर नव्या शाळेची मधली सुट्टी झाली होती, पोरंही येऊन दारात उभी राहिली.

पडद्यावरची लाट विस्कटली होती. ठिपके रेघ सोडून वरखाली उडत होते.

"ताल मोडला?" हर्षलानं विचारलं.

"मोडला नाही. पण खालचा आरसा थरथरतोय. पाणी दगडावर आपटतंय ना, त्याचा धक्का कातळातून येतो." मेहनाज ओठ चावत होती. "असंच राहिलं तर आकडा काढता येणार नाही."

नामा दाराबाहेरूनच ऐकत होता. चिखलाच्या पायांनी खोलीत यायला तो तयार नव्हता. "आपटायचं थांबवलं तर चालंल ना?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वराजला घेऊन गेला. दोघांनी पेंढ्याच्या दोन गुंड्या आणून उंबऱ्याखाली पसरल्या आणि वर दगड ठेवले. पाणी आता पेंढ्यावरून घसरत उतरू लागलं. खळखळीची सळसळ झाली.

"हे पयल्या दिवशीच करायला पायजे होतं," नामा हात धूत म्हणाला. "पन बुजवणं सोपं."

"आणि मी पहिल्या दिवशीच तुमचं नीट ऐकायला पाहिजे होतं," मेहनाज म्हणाली.

लाट हळूहळू गोळा झाली. पहिल्या दिवसाइतकी उठावदार नाही, पण माथा दिसत होता. दुपारी पाहिलं तर तो किंचित सरकलेला. संध्याकाळी आणखी. शनिवारी दिवसभर तो सरकतच राहिला, शेतात पाणी चढत गेलं तसा, आणि दिवेलागणीच्या सुमारास पहिल्या दिवशीच्या जागेजवळ येऊन रेंगाळला. स्वराज दर थोड्या वेळानं बांधावर जाऊन ओरडायचा, "पानी वाढलं!" आणि हर्षला आतून ओरडायची, "हितं पन वाढलं!" मेहनाज दोघांना गप्प करायची आणि स्वतःच हसायची.

सगळा आठवडा तिनं सरांना जसा घडला तसा लिहून पाठवला. उतार, सपाटी, चढ, बुजवलेला पाट, पेंढा. यंत्र रुळल्याचं जे आधी कळवलं होतं, ते चुकीचं होतं, हेही लिहिलं.

रविवारी आदिल टेंपो आणि गाद्या घेऊन हजर झाला, तरी सरांचं उत्तर नव्हतं. मेहनाज वायरी गुंडाळायला लागली. लेझरचं कपाट बंद करायच्या आधी तिनं एकदा पडद्याकडे बघितलं आणि तशीच थांबली, बटणावर बोट ठेवून.

तेव्हा फोन आला. ती बाहेर पायवाटेवर जाऊन बोलली. आम्हाला तिचाच आवाज ऐकू येत होता. "हो सर... नाही सर, शेत मोजलेलं नव्हतं... पाणी किती होतं त्याचा अंदाज आहे, माप नाही... हो, माझी चूक... हो." मग बराच वेळ नुसतं हुं हुं.

ती परत आली तेव्हा आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. अंबूबाईनं पदर तोंडाला लावला होता.

"सर म्हणाले, रेघ सपाट नाही, म्हणजे अट पुरी झाली नाही." ती थांबली. "पण म्हणाले, सपाट रेघेपेक्षा हे त्यांना जास्त हवं आहे. फक्त यावर विश्वास ठेवायचा तर अंदाज चालणार नाही. शेतातलं पाणी रोज मोजलेलं पाहिजे, आणि त्याच्या शेजारी यंत्राचा आकडा. भात कापेपर्यंत यंत्र इथंच ठेवायचं. एक लेझर मात्र त्यांना आत्ताच परत हवा आहे, दुसरा गट अडून बसलाय. उरलेल्यांवर कसंबसं भागवायचं."

"भागंल का?" नामानं विचारलं.

"बघू. लाट थोडी बसेल."

आदिलनं गाद्यांकडे बघितलं. "म्हणजे एवढ्या मोठ्या टेंपोतून मी एकच खोकं न्यायचं?"

"एकच, पण दोन गाद्यांत," मेहनाज म्हणाली.

तो लेझर घेऊन गेल्यावर आम्ही शेताकडे गेलो. पाटालगतच्या तुकड्यातली काही पाती पिवळी पडली होती. त्यात दाणा भरेल की नाही, हे नामालाही अजून सांगता येत नव्हतं. मेहनाजनं त्याला पुन्हा विचारलं नाही. माझ्या घरातली शाळेच्या वेळची लाकडी मोजपट्टी तिनं एका काठीला बांधली, सलवार वर खोचली आणि पाण्यात उतरली. हर्षला तिच्यामागे.

"तिथं नको रोवू," नामा बांधावरून म्हणाला. "तिथं खेकड्याचं बीळ हाय, पानी गुपचूप निघून जातं. तुजं माप खोटं येईल. हिकडं ये, मधोमध."

मेहनाजनं रोवलेली काठी उपटली आणि पाय उचलत उचलत मध्यावर गेली. काठी आत शिरेना, तेव्हा हर्षलानं तिच्यावर सगळा भार टाकला. पाणी निवळायला वेळ लागला. आम्ही थांबलो. मग स्वराजनं बांधावर ओणवं होऊन पट्टीवरचा आकडा मोठ्यानं वाचला, आणि मेहनाज तो तोंडातल्या तोंडात घोळवत, चिखलाच्या पायांनी तशीच, लाट बघायला खोलीत गेली.